आधी मोजा, मग मागवा : इलेक्ट्रिक गिटारचे चांगले आणि परवडणारे भाग कसे शोधावेत

इलेक्ट्रिक गिटारच्या भागांवर पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा भाग वाईट निघाला म्हणून नव्हे, तर तो बसला नाही म्हणून. माझ्या टेबलाच्या खणात अशा न बसलेल्या भागांचा एक डबाच आहे. त्यातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे एक ट्रेमोलो ब्रिज (तारा बॉडीवर ज्याला टेकतात तो, दांडीने हलवता येणारा भाग). पोलादी ब्लॉक, गुळगुळीत सॅडल (प्रत्येक तारेखालचा छोटा आधार), प्लेटवर एक ओरखडा नाही. मागवताना मी तारांमधलं अंतर तपासलं, स्क्रूंची भोकं जुळतात का तेही पाहिलं, फक्त ब्लॉकची खोली पाहायची राहून गेली. ब्लॉक ४२ मिमीचा आणि माझ्या गिटारची बॉडी जेमतेम ३९ मिमी जाड. ब्रिज बसवून गिटार पालथी केली, तर ब्लॉकचं टोक मागून बाहेर आलेलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी दोष कुठे आहे ते पाहायचं, मग मोजमाप लिहायचं, मग शोध घ्यायचा आणि भाग हातात आल्यावर बसवण्याआधी तपासायचा.

पहिली पायरी: भाग खरंच बदलायचा आहे का?

एका मित्राची गिटार सुरात टिकत नव्हती. ट्युनर (तारा ताणायच्या खुंट्या) बदलायचे म्हणून तो नवा संच शोधत होता. मी G तारेची खुंटी हळूहळू पिळली. थोडा वेळ सूर जागचा हललाच नाही, मग नटाजवळ (नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि सूर एकदम वर उडाला. ट्युनर ठणठणीत होते. तार नटाच्या खाचेत अडकत होती आणि ताण साठला की झटक्याने सुटत होती. खाच बारीक कानशीने किंचित रुंद केली, टोकदार पेन्सिलीचं ग्राफाइट आत घासलं आणि काम झालं. नवे ट्युनर लावले असते तरी त्रास तसाच राहिला असता.

अशा तक्रारी बऱ्याच आहेत. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर पॉटमध्ये (नॉबखालचा, फिरवून बदलणारा रोध) कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा. केबल हलवली की आवाज जात असेल तर जॅकची पत्ती सैल झालेली असते, ती किंचित आत वाकवली की पुष्कळदा भागतं. पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) मुका झाला असेल तर आधी डाख सुटलाय का ते बघा. फ्रेटवर तार खणखणत असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक सावरणारी सळई) आणि सॅडलची उंची तपासून झाल्याशिवाय फ्रेटवर संशय घेऊ नका. एवढं करूनही दोष राहिला, तरच खरेदीची यादी करा.

दुसरी पायरी: मोजमापाचा कागद

व्हर्नियर कॅलिपर, अर्ध्या मिमीच्या खुणांची पोलादी पट्टी आणि साधा मल्टिमीटर ही तीन साधनं आधी घ्या. एका चुकीच्या ब्रिजच्या पैशात ती सहज येतात.

सर्वांत आधी स्केल, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, काढा. नटाच्या पुढच्या कडेपासून १२ व्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. फेंडर पद्धतीच्या गिटारला ते साधारण ६४८ मिमी (२५.५ इंच) येतं, गिब्सन पद्धतीला ६२८ मिमीच्या आसपास. नेक बदलणार असाल तर हा आकडा जुळलाच पाहिजे, कारण ब्रिजची जागा त्यावरून ठरलेली असते. स्केल चुकला तर सूर कधीच नीट लागत नाही. फ्रेट २१ आहेत की २२, याने मात्र बिघडत नाही. अशा नेकमध्ये २२ वा फ्रेट बहुधा पुढे आलेल्या फ्रेटबोर्डच्या टोकावर असतो आणि स्केल तोच राहतो.

मग ब्रिज. सहा स्क्रूंचा ट्रेमोलो असेल तर पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांतलं अंतर मोजा. जुन्या अमेरिकी मापात ते सुमारे ५६ मिमी असतं, आशियात बनलेल्या अनेक गिटारींत ५२.५ किंवा ५४ मिमी. दोन खुंटांवर टेकणाऱ्या ब्रिजमध्ये ५६ मिमी हे माप नेहमी दिसतं, फ्लॉइड रोज पद्धतीत (तारा आवळून धरणारा ट्रेमोलो) ७४ मिमी. त्याच वेळी बॉडीची जाडी आणि ब्लॉकची खोलीही लिहा. मी जे विसरलो ते तुम्ही विसरू नका.

ट्यून-ओ-मॅटिक (गिब्सन पद्धतीचा स्थिर) ब्रिज आणि टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा वेगळा भाग) असेल तर खुंटांमधलं अंतर (ब्रिजला सुमारे ७४ मिमी, टेलपीसला सुमारे ८२ मिमी) यापेक्षा आटे जास्त फसवतात. टेलपीसचे खुंट दोन प्रकारचे मिळतात: मेट्रिक एम८ आणि अमेरिकी ५/१६ इंच. एकाचा व्यास ८ मिमी, दुसऱ्याचा ७.९४ मिमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण एम८ चे आटे १.२५ मिमी अंतरावर आणि दुसऱ्याचे सुमारे १.०६ मिमी अंतरावर असतात. पहिले एक-दोन फेरे जातात, मग घट्ट लागतं. तिथे जोर लावला की लाकडात ठोकलेल्या बुशचे (धातूच्या नळीचे) आटे जातात आणि लहानशा खरेदीतून मोठी दुरुस्ती उभी राहते.

ट्युनरसाठी हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाचा, खुंट्या असलेला भाग) भोकाचा व्यास मोजा. जुन्या पद्धतीचं भोक साधारण ८.५ ते ८.८ मिमी असतं, आधुनिक ट्युनरचं १० मिमी. मोठ्या भोकात जुन्या पद्धतीचा ट्युनर बसवायचा तर त्यासाठी खास बुश मिळतात. उलट दिशेने जायचं असेल तर भोक मोठं करावं लागतं आणि तिथे हेडस्टॉक चिरण्याचा धोका असतो. नटाची रुंदी, जाडी आणि त्याचा तळ सपाट आहे की गोलाईचा, हेही लिहून ठेवा. फेंडर पद्धतीची खाच साधारण ३.२ ते ३.५ मिमी जाड असते, गिब्सन पद्धतीची ५ मिमीच्या आसपास किंवा थोडी जास्त.

तिसरी पायरी: पैसा कुठे घालायचा

माझा नियम सरळ आहे. तार ज्याला टेकते आणि जे रोज हलतं, तिथे हात आखडता घेऊ नका. नेक, फ्रेट, नट, सॅडल, ट्युनर, स्विच आणि जॅक हे ते भाग. बॉडी, पिकगार्ड, नॉब, मागची झाकणं आणि कपॅसिटर यांत बचत करता येते.

कपॅसिटरबद्दल मला विशेष सांगायचं आहे, कारण नवशिके तिथे फार पैसे घालवतात. टोन पॉटवर लागणारा कपॅसिटर साधारण ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. पिकअपचा व्होल्टेज इतका कमी असतो की ५० किंवा १०० व्होल्टचा साधा पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर पुरेसा होतो. जुन्या काळचा म्हणून विकला जाणारा महागडा तुकडा आणि हा साधा तुकडा मीटरवर सारखाच आकडा दाखवत असतील, तर वाचलेले पैसे नटाकडे वळवा.

नेक

गिटार हातात घेतल्यावर बोटांना कळतं ते नेकमुळेच. नवा नेक परवडत नसेल तर पडून असलेली किंवा मोडकी गिटार घ्या. अनेकदा पिकअप किंवा वायरिंग बिघडल्यामुळे मालकाने सोडून दिलेल्या गिटारवर चांगला नेक आणि चांगले ट्युनर असतात आणि अख्खी गिटार सुट्या नव्या नेकपेक्षा स्वस्त पडते.

जुना नेक पाहताना टाचेकडून (बॉडीत बसणाऱ्या टोकाकडून) डोळा लावून दोन्ही कडा न्याहाळा. पुढेमागे किंचित बाक असेल तर ट्रस रॉडने निघतो. पण एक कड वर आणि दुसरी खाली, अशी पिळवटलेली दिसली तर सौदा सोडून द्या. फ्रेटबोर्ड रंधून पिळ काढता येतो, पण तो खर्च नेकच्या किमतीपेक्षा जास्त होतो. मग ट्रस रॉडचा, पान्याने आवळायचा नट पाहा. तो शेवटपर्यंत आवळलेला असेल किंवा पान्याची खाच गोल झालेली असेल तर रॉडचं आयुष्य संपत आलेलं आहे. फ्रेटची उंची कॅलिपरने मोजा. मध्यम-जंबो फ्रेट नवा असताना साधारण १.२ मिमी उंच असतो. घासून ०.७-०.८ मिमीच्या खाली गेला असेल तर समतल करायला माल उरत नाही आणि नव्या फ्रेटचा खर्च किमतीत धरावा लागतो. कडेला फ्रेटची टोकं बोचत असतील तर घाबरू नका. लाकूड कोरडं होऊन आकसलं की टोकं बाहेर येतात, कानशीने तासभरात जातात.

लांबून मागवताना विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: टाचेकडून नेकच्या रेषेत पाहणारा, ट्रस रॉडच्या नटाचा आणि पहिल्या पाच फ्रेटांचा जवळून. हे फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी नेक घेत नाही.

बसवण्याच्या मापात फेंडर पद्धतीच्या टाचेची रुंदी सुमारे ५६ मिमी असते. स्ट्रॅटची (स्ट्रॅटोकास्टर) टाच टोकाला गोल, टेलीची (टेलिकास्टर) सरळ, त्यामुळे एकाचा नेक दुसऱ्याच्या खाचेत नुसता ठेवून नीट बसत नाही. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास स्क्रूने जोडलेला नेक वापरायला सुरुवात केली आणि सुट्या भागांनी गिटार जुळवण्याचा मार्ग तिथूनच मोकळा झाला. पुढे २००९ साली अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने स्ट्रॅट, टेली आणि प्रिसिजन बास यांच्या बॉडीच्या आकारांवर फेंडरला ट्रेडमार्क नाकारला. म्हणून या आकारांच्या बॉडी अनेक कारखाने उघडपणे बनवतात. हेडस्टॉकचा आकार मात्र फेंडरचाच आहे. त्यामुळे परवाना घेऊन बनवलेल्या नेकवर तसा उल्लेख असतो, आणि असा नेक मापात पक्का निघण्याची शक्यता जास्त.

ब्रिज आणि ट्युनर

स्वस्त ब्रिजमध्ये ब्लॉक आणि सॅडल जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. ते चालतात, पण आटे लवकर झिजतात. घरी तपासायला चुंबक पुरे. साधं पोलाद चुंबकाला ओढतं, जस्त आणि पितळ ओढत नाहीत. जस्त आणि पितळ यांतला फरक वजनाने आणि न दिसणारी बाजू किंचित खरवडून कळतो: पितळ जास्त जड आणि आतून पिवळं. ‘पोलादी ब्लॉक’ म्हणून विकलेल्या भागाला चुंबक चिकटला नाही तर तो त्याच दिवशी परत पाठवा.

फ्लॉइड रोज पद्धतीच्या ब्रिजमध्ये मी काटकसर करू देत नाही. तो दोन धारदार कडांवर झुलतो. धातू मऊ असेल तर त्या कडा बोथट होतात आणि सूर परत मूळ जागी येत नाही. बजेट नसेल तर साधा, न हलणारा हार्डटेल ब्रिज लावा. तो उत्तम टिकतो आणि त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं.

ट्युनरच्या जाहिरातीत १८:१ असा गुणोत्तराचा आकडा ठळक छापतात. जास्त गुणोत्तर म्हणजे बारीक सूर लावायला सोपं, एवढंच. खरी परीक्षा मोकळ्या झोलाची. खुंटी एका दिशेने फिरवा, मग उलट फिरवा. खुंटी हलते पण दांडा हलत नाही, असा टप्पा मोठा असेल तर गिअर सैल आहेत. गोतो, हिपशॉट, शॅलर यांचे ट्युनर या बाबतीत भरवशाचे आहेत. खिशाला झेपणाऱ्यांत विल्किन्सनचे ट्युनर आणि ब्रिज मी बिनधास्त सुचवतो. गोतोचं आणखी एक चांगलं, ते भागांचे मापांसह आराखडे देतात. तुमचा कागद त्या आराखड्याशेजारी ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही.

नटासाठी हाडाचा कोरा तुकडा हा सर्वांत स्वस्तातला उत्तम माल आहे. त्यात मेहनत मात्र आहे. खाच प्रत्येक तारेपेक्षा किंचित रुंद, तळ गोल आणि हेडस्टॉककडे उतार, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकते. खाच खोल गेली तर उघडी तार खणखणते, म्हणून शेवटचे काही कानसफेर मोजूनमापून द्या.

पिकअप

पिकअपच्या जाहिरातीत रोधाचा आकडा किलोओहममध्ये देतात आणि आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा असं सुचवतात. रोध तारेच्या जाडीवरही ठरतो. ४२ ऐवजी ४३ गेजची, म्हणजे आणखी बारीक तार गुंडाळली तर तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो. त्यामुळे दोन वेगळ्या बनावटींची तुलना या एका आकड्यावर करू नका. ओळखीसाठी एवढं लक्षात ठेवा: स्ट्रॅटच्या जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याचा पिकअप) साधारण ६ किलोओहम, जुन्या धाटणीच्या हंबकरला (दोन वेटोळ्यांचा) साधारण ७.५ ते ८.५.

‘अल्निको’ (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा चुंबक) असं लिहिलेला सिंगल कॉइल पिकअप उलटा करून पाहा. खाली आडवी चुंबकाची पट्टी चिकटवलेली असेल आणि वरचे सहा खिळे नुसते लोखंडी असतील, तर ती पट्टी बहुधा सिरॅमिक चुंबकाची असते. अस्सल अल्निको धाटणीत सहाही दांडे स्वतः चुंबक असतात. पट्टीचा पिकअप वाईट असतो असं नाही, काही तर मला आवडतात, पण त्याला अल्निकोचे पैसे देऊ नका. मोठ्या ब्रँडच्या नावाचे नकली पिकअपही सर्रास विकले जातात. अविश्वसनीय किमतीतल्या प्रसिद्ध नावापेक्षा कमी प्रसिद्ध पण स्वतःच्या नावाने विकणारा उत्पादक बरा.

माप इथेही आहेच. हंबकरच्या पहिल्या ते सहाव्या स्क्रूतलं अंतर गिब्सन पद्धतीत ४९-५० मिमी असतं, फेंडर पद्धतीच्या रुंद ब्रिजसाठी ५२-५३ मिमी. आणि वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात: सीमोर डंकनच्या चार वायरींच्या हंबकरमध्ये सिग्नलची वायर काळी, डिमार्झिओमध्ये लाल. दोन कंपन्यांचे पिकअप एका गिटारमध्ये घालताना फेज (सिग्नलची दिशा) उलटी झाली तर दोन्ही मिळून आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो. मल्टिमीटर रोधावर लावून पिकअपवर पेचकस टेकवा आणि आकडा क्षणभर वर जातो की खाली ते पाहा. दोन्हींचा एकाच दिशेने गेला तर फेज जुळते.

पॉट, स्विच, जॅक

हे भाग गिटारच्या दुकानापेक्षा इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणाऱ्यांकडे शोधा. स्विचक्राफ्टचा मोनो जॅक, अल्फा किंवा बॉर्न्सचे पॉट, कपॅसिटर आणि वायर तिथे मिळतात, आणि ‘गिटारसाठी खास’ या शब्दांचे जादा पैसे पडत नाहीत. सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हंबकरला ५०० हा रुळलेला संकेत. पॉटवर ए म्हणजे लॉगरिदमिक आणि बी म्हणजे सरळ चढाचा. व्हॉल्यूमला बहुतेक जण ए घेतात.

पॉटच्या रोधात बऱ्याचदा २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे २५० लिहिलेला पॉट २०० निघू शकतो आणि ३०० सुद्धा. मी दोन-तीन जास्तीचे मागवतो, मोजतो आणि आवाज उजळ हवा असेल तर त्यातला सर्वांत वरचा आकडा व्हॉल्यूमला वापरतो. भोकाचं माप पाहा: सीटीएसच्या मोठ्या पॉटला ९.५ मिमी, छोट्या मेट्रिक पॉटला ७-८ मिमी. दांड्याचे दातेही वेगळे, अमेरिकी २४ आणि मेट्रिक १८, त्यामुळे जुने नॉब वापरायचे असतील तर आधी दाते मोजा.

लाकूड

बॉडीचं लाकूड अल्डर, बासवूड, पॉप्लर किंवा महोगनी यांपैकी काहीही चालेल, पण ते नीट वाळलेलं हवं. ओलावा ६ ते ८ टक्के असला की निर्धास्त राहा. रोझवूडचा फ्रेटबोर्ड परदेशातून मागवत असाल तर साइट्स (CITES, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) चे नियम पाहा. रोझवूड ज्यात मोडतं ती डाल्बर्जिया प्रजाती २०१७ पासून अख्खी त्या यादीत आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यं आणि वाद्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली, पण कच्च्या फळीला ती लागू नाही. ब्राझिलियन रोझवूडवर १९९२ पासून सर्वांत कडक बंधनं आहेत. मेपल किंवा पाउ फेरो घेतलंत तर डाल्बर्जियाची ही कटकट राहत नाही.

शेवटची पायरी: बसवण्याआधी तपासणी

पाकीट उघडलं की परत करण्याची मुदत सुरू झालेली असते. त्याच संध्याकाळी कॅलिपर आणि मीटर घेऊन बसा. पिकअपचा रोध मोजा, आकडा आलाच नाही तर आतली तार तुटलेली आहे. पॉटच्या बाहेरच्या दोन टोकांवर पूर्ण रोध आणि मधल्या टोकावर फिरवताना सलग चढणारा आकडा हवा. स्विचची प्रत्येक जागा मीटरच्या बीपवर तपासा. जॅकमध्ये केबल घालून हलवा. ब्रिजचे सगळे छोटे स्क्रू एकदा पूर्ण फिरवून पाहा आणि ॲलन की कोणत्या मापाची लागते ते लिहा, कारण १.५ मिमीच्या स्क्रूला १.२७ मिमीची की घातली की आतले कोपरे जातात. हे सगळं होईपर्यंत डाख लावू नका आणि लाकडात ड्रिल करू नका. डाख लागलेला भाग कुणी परत घेत नाही.

काढलेले जुने भाग टाकू नका. स्क्रूंसकट एका पिशवीत भरा, वर गिटारचं नाव आणि तारीख लिहा आणि मोजमापाच्या कागदाची घडी करून त्यातच ठेवा. पुढच्या वेळी सॅडल किंवा ट्युनर मागवायचा झाला की आधी ती पिशवी उघडायची.